देव म्हणाला, मशीन घ्या

गेमिंग कॉम्प्युटर हवा म्हणून कुणी दुकानात आलं की मी त्याला आधी स्टुलावर बसवते आणि विचारते, "खेळणार काय?" बहुतेकांना हा प्रश्न अपमानाचा वाटतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांचं सगळं पाठ असतं. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, पंखे किती, आणि आत दिवे कुठल्या रंगाचे. खेळ कुठला खेळणार, एवढंच सांगता येत नाही. "सगळेच" असं उत्तर मिळतं. सगळेच खेळ खेळायचे तर बजेटही तसंच आणा, असं मी म्हणते. मग गिऱ्हाईक जरा जमिनीवर येतं आणि आमचं खरं बोलणं सुरू होतं.

मालवणच्या बाजारात माझं दुकान सुरू होऊन वीसएक वर्षं झाली. मी मूळची कुडाळकडची, काजूवाल्यांच्या घरातली. लग्न करून समुद्रावर आले. नवरा एसटीत. सुरुवातीला लोक दारात उभे राहून माझ्या डोक्यावरून आत बघायचे आणि विचारायचे, "मालक खंय आसत?" मालक बस घेऊन बांद्याला गेलेत, कॉम्प्युटर मीच उघडते, असं सांगितलं की त्यातले काही परत जायचे. बरेचसे दोन दिवसांनी तोंड पाडून पुन्हा यायचे, कारण दुसरीकडे कुणी उघडून बघायलाच तयार नसायचं. आता तसं कोणी विचारत नाही. आता विचारतात, "ऑनलाइन स्वस्त दाखवतंय, तुम्ही किती कमी करणार?" दोन्हींपैकी कुठला प्रश्न जास्त चीड आणणारा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉम्प्युटर जोडणं म्हणजे फार अवघड काम. तसं काही नाही. प्रत्येक भाग एकाच जागी आणि एकाच बाजूनं बसतो. चुकीच्या जागी तो जातच नाही, तुम्ही जबरदस्ती केली नाहीत तर. बांद्याहून एक गृहस्थ आले होते. प्रोसेसर एकीकडून घेतलेला, मदरबोर्ड दुसरीकडून, दोघांचं आपसात काही नातं नाही. प्रोसेसर खाचेत बसेना, तर यांनी वरून अंगठ्यानं दाबला. खालच्या केसाएवढ्या पिना सगळ्या झोपल्या. मी विचारलं, "अहो, दाबलात कशाला?" तर म्हणाले, "जायना म्हणान." बोर्ड गेला, माणूस चांगला होता, चहा पाजून पाठवला.

जोडण्यापेक्षा निवडण्यात खरी अक्कल लागते. आणि आमच्या किनाऱ्यावर तर जास्तच. खारी हवा लोखंड खाते, पावसाळ्यात भिंतींना घाम येतो, वीज दर थोड्या वेळानं डोळा मारते, आणि पंख्याच्या उबेला पाल येऊन बसते. पुण्यातल्या पोरानं व्हिडिओत सांगितलेलं मशीन इथं जसंच्या तसं आणून ठेवलं तर पहिल्या पावसाळ्यानंतर ते माझ्याच टेबलावर येतं. काचेचा डबा आणि आत रंगीत दिवे, हे तर मी हट्टानं विकत नाही. एका होमस्टेवाल्यानं दुसरीकडून घेतलं आणि समुद्राकडच्या खिडकीत ठेवलं, पाहुण्यांना दिसावं म्हणून. पाहुण्यांना दिसलं, पण आतल्या स्क्रूंवर गंज चढलेला दिसला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट शालन वयनीची. नावं तेवढी बदललीत. बाकी सगळं आता छापायला हरकत नाही, असं तिनंच कळवलंय.

शालन वयनी मासळी बाजारात बसते. मी तिची जुनी गिऱ्हाईक. नवरा गेल्यापासून दोन पोरांचं तिनं एकटीनं केलं. थोरला नितीन होडी घेऊन समुद्रात जातो. धाकटी प्रणाली कुडाळला कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. एके दिवशी दुपारी, बाजार उठल्यावर, ही तिघंही माझ्या दुकानात आली. नितीन पुढे, प्रणाली मागे, दोघं एकमेकांकडे न बघता. मध्ये वयनी, डोक्यावर रिकामी पाटी.

"बाय, वायच बसतंय हय," ती म्हणाली. "ह्या दोघांचो न्याय कर. माझा डोक्या चलणा नाय."

झालं होतं असं. वयनीला भिशी लागली होती. बरीच मोठी रक्कम, तिच्या हातात एकदम कधी आली नव्हती अशी. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, घरच्यांच्या वतीनं गाऱ्हाणं सांगतो, आणि मग पाकळी पडायची वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. वयनी एकटीच गेली होती. भिशीचे पैसे आलेत, मशीन घ्यायचं मनात आहे, घेऊ का, असं तिनं गुरवाकरवी विचारलं. उजवी पाकळी लगेच पडली. इतकी लगेच की गुरवही हसला म्हणे.

घोळ झाला तो घरी आल्यावर. आमच्या बंदरात मशीन म्हटलं की होडीचं इंजिन. लहान पोरालाही तेच कळतं. नितीनचं जुनं मशीन भर समुद्रात बंद पडायचं. दोनदा दुसऱ्यांच्या होडीनं त्याला ओढत किनाऱ्याला आणलं होतं. त्यानं स्वतःचे थोडे साठवले होते, आईचे मिळाले की नवं मशीन येणार होतं. आणि प्रणाली गेलं वर्षभर घरात रोज एकच बोलत होती, मशीन पाहिजे, मशीन पाहिजे. तिचं मशीन म्हणजे कॉम्प्युटर.

"काकी, तूच सांग हेका," प्रणाली म्हणाली. "कॉम्प्युटराक पण मशीनच म्हणतत मा?"

म्हणतात. आमच्या धंद्यात दुसरा शब्दच नाही. "मशीन घेऊन या, बघते," हे मी दिवसभर बोलत असते. मी तसं सांगितलं आणि नितीनचं तोंड उतरलं.

"काकी, देव आमच्या बंदरातलो आसा," तो म्हणाला. "तेका होडयेचा मशीन म्हायत. कॉम्प्युटराचा तो काय जाणता?"

"देवाक सगळा म्हायत असता," प्रणाली फणकारली. "तुकाच नाय."

मी म्हटलं, मग पुन्हा कौल लावा आणि नीट विचारा. वयनीनं मान हलवली. "गुरव नको म्हणता. म्हणालो, देवान एकदा होय म्हटल्यान, आता परत परत विचारून तेका दमवू नको. शब्द तुझो, अर्थ तूच लाव."

"मग वयनी, तुझ्या मनात कुठलं मशीन होतं विचारताना?"

तिनं दोन्ही पोरांकडे पाहिलं. पाटी मांडीवरून खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. "मनातला देवाक ठावक," ती म्हणाली आणि विषय तिथंच संपवला. आई होती, एकाला होय म्हणून दुसऱ्याला कसं दुखवणार, असं मला वाटलं.

मी आधी नितीनला मशीनचं विचारलं, मग प्रणालीला खेळाचं. माझा नेहमीचा प्रश्न. तिनं मात्र तडक उत्तर दिलं. एकच खेळ, पाच जणांची टीम, गोळीबाराचा, पण डोकं लावून खेळायचा. टीममधली बाकीची चार पोरं चार गावची, एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. आत्तापर्यंत ती कुडाळला मैत्रिणीच्या मशीनवर खेळायची. मैत्रीण मशीन घेऊन गोव्याला गेली. पंधरवड्यानं एका स्पर्धेची निवड फेरी होती. तोवर स्वतःचं मशीन झालं नाही तर टीम तिच्या जागी दुसरा कुणी घेणार होती. हे ऐकलं आणि नितीननं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. त्याला हे ठाऊकच नव्हतं. घरात एकाच छपराखाली राहून माणसं एकमेकांचं किती थोडं ऐकतात.

मला मात्र एव्हाना मार्ग दिसला होता. तो खेळ हलका आहे. दिसायला भारी, पण मशीनकडून फार मागत नाही. मी म्हटलं, "निम्म्या पैशात हिचं मशीन करते. उरलेले नितीनला. नवं इंजिन नाही येणार, पण वापरलेलं चांगलं येईल."

दोघंही नाराज झाली. म्हणजे न्याय बरोबर असावा, असं मी समजले.

प्रणालीची नाराजी जास्त होती, कारण तिच्या मनातलं ग्राफिक्स कार्ड मी यादीतून काढून टाकलं. "काकी, कार्डाशिवाय गेमिंग मशीन? हसतीत माका."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग. गेमिंग मशीनमधला सगळ्यांत महाग. पण हल्ली काही प्रोसेसर असे येतात की ज्यांच्या पोटातच चित्र रंगवायची सोय असते. मोठ्या खेळांना ती पुरत नाही, हिच्या खेळाला पुरते. बोर्डावर कार्डाची जागा मोकळी ठेवायची, पैसे आले की बसवायचं. हे मी समजावत होते आणि पोरीच्या डोळ्यांत अविश्वास होता. शेवटी मी वयनीकडे वळले.

"वयनी, लबाड बाई मासळीचा वाटा कसा लावते?"

वयनीला क्षणभर कळेना. मग ती खुदकन हसली. "वर एक इसवण ठेवता. दिसाक बरी. आणि खाली शिळे पेडवे." इसवण म्हणजे सुरमई, आणि पेडवे म्हणजे बारीक स्वस्त मासळी.

"हेच. कार्ड म्हणजे इसवण. सगळा पैसा कार्डात घातला की बाकीचं शिळं घ्यावं लागतं. मग वीज एकदा गेली की इसवणीसकट वाटा गटारात."

"म्हणजे आमचोच धंदो गो," वयनी म्हणाली आणि तिनं पाटी बाजूला ठेवून पदर खोचला. त्यानंतरचा तास मी माझ्या दुकानात गिऱ्हाईक झाले.

तिला एक एक खोका उघडून दाखवावा लागला. रॅमच्या दोन काड्या कशाला, एक मोठी का नको? मी सांगितलं, दोन छोट्या जोडीनं काम करतात, आणि पोटातल्या ग्राफिक्सला तर जोडीच लागते. मग तिनं विचारलं, एवढ्याशा काडीचा भाव एवढा कसा? मी म्हटलं, सगळ्या जगात वाढलाय, मलाही रडू येतं. तिनं मान डोलावली. पावसाळ्यात पापलेटाचं होतं तसं, म्हणाली. मॉनिटर वापरलेला घेतला, बंद झालेल्या एका ऑफिसातला. वयनीनं तो उन्हाकडे धरून तिरका करून बघितला, आपण मासळी घेताना सरंग्याचे डोळे बघतो तसा.

पॉवर सप्लाय मात्र मी स्वस्त देत नाही. मशीनला वीज वाटून देणारा हा डबा. याच्यात दिवे नसतात, नाव नसतं, व्हिडिओत याच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लोक पैसे वाचवायचे ते इथंच वाचवतात. मी दोन डबे वयनीच्या दोन हातांत दिले. एक माझा, एक मी मुद्दाम ठेवलेला, कुणीतरी बदलून गेलेला स्वस्तातला.

तिनं हात वरखाली केले. "ह्या हलका आसा. पोटात काय नाय हेच्या."

"वरचं लेबल तेच आहे."

"लेबलाक काय करतलंस? वजन बघ मगो." असं म्हणून तिनं तो डबा माझ्या टेबलावर असा आपटला की जणू मीच तिला फसवणार होते. तो डबा मी याच कामासाठी ठेवलाय. दहा मिनिटांचं व्याख्यान वाचतं.

कॅबिनेट साधं पत्र्याचं, पुढे जाळीचं. प्रणालीनं मोबाइलमधल्या काचेच्या डब्याच्या फोटोकडे एकदा पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मोबाइल पिशवीत ठेवला.

माझा एक नियम आहे. आयुष्यातलं पहिलं मशीन ज्याचं त्यानं जोडायचं. मी शेजारी बसते, हात लावत नाही. तोंड लावते, ते पुरेसं असतं. भाग आले तशी तिघं पुन्हा आली. नितीन दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. प्रणालीनं प्रोसेसर कडेनं दोन बोटांत धरून उचलला. कोपऱ्यातली खूण बोर्डावरच्या खुणेला मिळवायची आणि सोडून द्यायचा. तो आपल्या वजनानं बसतो. "दाबू?" तिनं विचारलं. "दाबशील तर हात तोडेन," मी म्हटलं. मला बांद्याचे गृहस्थ आठवत होते. रॅम मात्र दाबावी लागते, टक् असा आवाज येईपर्यंत. तिथं ती घाबरून हळू दाबत होती, तर मी ओरडले, "आता दाब गो!" वयनी पोरीच्या बाजूनं माझ्यावर चिडली. "एकदा दाबू नको म्हणतंस, एकदा दाब म्हणतंस. चेडवान करूचा काय?"

सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, आणि पडदा काळाच राहिला.

काळा पडदा मी इतक्या वेळा बघितलाय की माझी झोपही उडत नाही. पण त्या तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. प्रणाली पांढरीफटक. नितीन दारातून म्हणाला, "बघलंस? देवान ह्या मशीनाक होय म्हणाक नाय."

प्रणालीचा हात बटणाकडे गेला, बंद करून पुन्हा लावायला. मी तिचं मनगट धरलं. नवीन रॅम आणि नवीन बोर्ड यांची पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा दोघं एकमेकांना जोखत बसतात. कधी लगेच उरकतं, कधी बराच वेळ लागतो, आणि तोवर पडद्यावर काहीच दिसत नाही. किती तरी चांगली मशीनं याच घाईत बिघडली समजून लोकांनी उघडून टाकलीत. "कुणी हात लावायचा नाही," मी सांगितलं. "वाट बघायची."

वाट बघायची म्हटल्यावर वयनीनं हात जोडले. ती कॅबिनेटसमोर तशीच उभी राहिली, नजर काळ्या पडद्यावर. पाकळी कधी पडते ते बघत माणसं देवळात उभी राहतात ना, तशी. नितीनही घडी सोडून आत आला.

पडद्यावर अक्षरं उमटली. वयनी हलक्या आवाजात "होय म्हाराजा" म्हणाली, आणि प्रणालीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. मला अशा वेळी काय करायचं ते कळत नाही. मी तिला स्क्रू मोजून ठेवायला सांगितले.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायलाच बसले नसते. निवड फेरीच्या दिवशी सकाळी नितीनचा फोन. "काकी, ता मशीन चावता." कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मी रिक्षा करून गेले. त्यांचं घर अगदी वाळूच्या कडेला. टेस्टर लावला आणि कळलं, घरात अर्थिंग नावालाच आहे. तार भिंतीतून बाहेर आलेली आणि मातीत नुसती खुपसलेली. अशा घरात मशीन लावणं म्हणजे पोरीला वीज चाटायला देणं. मी मशीन काढून ठेवलं आणि म्हटलं, अर्थिंग झाल्याशिवाय लावायचं नाही, स्पर्धा असो की आणखी काही.

प्रणाली भिंतीला टेकून खाली बसली. नितीननं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय काय होया?" त्यानं विचारलं. मी वायरमनला फोन लावला आणि सांगितलं, खोल खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, पाणी. नितीननं फावडं घेतलं. खड्डा असा खणला की वायरमन आला तेव्हा नितीन छातीपर्यंत आत होता. कोळसा शेजारणीकडून आला. मी मिठासाठी पैसे काढले तर तो खड्ड्यातून ओरडला, "मीठ इकत कित्याक? दर्या खंय गेलो?" आणि दोन कळश्या समुद्राचं पाणी आणून त्यानं खड्ड्यात ओतलं. पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण टेस्टर विझला, वायरमन हसला, आणि मी मिठाचे पैसे परत पर्समध्ये ठेवले. पुढच्या आठवड्यात वायरमनकडून ते रीतसर करून घेतलं.

फेरी संध्याकाळी होती. मला परतायला हवं होतं, पण वयनीनं जेवायला ठेवून घेतलं. प्रणाली कानाला हेडफोन लावून बसली. नितीन उंबऱ्यात जाळं घेऊन फाटलेले डोळे शिवत होता, कान मात्र आत. सुरुवातीला ती हिंदीत बोलत होती. खेळ रंगला तशी मालवणीवर आली. "थांब, पुढे जाव नको! डाव्या अंगान येतत. आता नाय... आता नाय... आता चल!" टीममधला एक पोरगा विदर्भातला, एक केरळी. त्यांना काय कळत होतं देव जाणे, पण ती म्हणेल तशी ती पोरं थांबत होती आणि धावत होती. कुणी घाबरून ओरडलं की हिचा आवाज आणखी खाली यायचा.

नितीनचा हात जाळ्यावर थांबला होता. "काकी," तो हळूच मला म्हणाला, "ही तांडेल आसा गो! बापूस असोच बोले होडयेत." तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, सगळ्यांना हाक देणारा. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघणार नव्हती. प्रणालीला ती ऐकू गेली नाही, कानावर हेडफोन होते. मी तिला नंतर सांगितली.

त्यांची टीम पुढच्या फेरीत गेली. त्यापुढे हरली, पुन्हा खेळली, आता एका मोठ्या टीममध्ये प्रणालीला घेतलंय, महिन्याला थोडे पैसेही येतात. गेल्या उन्हाळ्यात तिनं स्वतःच्या कमाईतून ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि माझ्याच टेबलावर स्वतः बसवलं. मी या वेळी तोंडही लावलं नाही. नितीनचं वापरलेलं मशीन अजून एकदाही समुद्रात बंद पडलेलं नाही. दोघंही आता भांडत नाहीत. कौल कुठल्या मशीनला होता यावरून थट्टा मात्र चालते. मीही ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, बघा, एका कौलात दोन मशीनं.

गणपतीनंतर एकदा शालन वयनी एकटीच दुकानात आली. कागदात बांगडे बांधून आणले होते. पैसे घेईना. स्टुलावर बसली. माझ्या दुकानाला लागून टेलरचं दुकान आहे, भिंतीतून त्याच्या मशीनचा आवाज दिवसभर येतो. मला तो आता ऐकूही येत नाही. वयनी मात्र कान देऊन बसली होती.

"बरा चलता तेचा मशीन," ती म्हणाली.

"जुनंच आहे."

"जुनाच बरा." तिनं स्टूल पुढे ओढलं. "बाय, एक सांगू? पोरांका सांगशीत नाय मा?"

मी नाही म्हटलं.

"देवाक मी विचारलंय मा त्या दिवशी. माझ्या मनात शिवणाचा मशीन होता."

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"चेडू असताना कुडाळात शिकलेलंय मी. झंपर, परकार, पोरांची कापडा, सगळा येय माका. आता बर्फात हात घालून घालून बोटा बघ कशी झाली." तिनं हात पुढे केले. बोटांची टोकं पांढरट, सुरकुतलेली, जणू कायमची पाण्यात राहिलेली. "म्हटला, देव होय म्हणालो तर घराकडेच बसान शिवतलंय. आणि पाकळी कशी पडली म्हणतंस! हात जोडूच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगूकच घराकडे इलंय. 'देवान मशीनाक होय म्हटल्यान,' इतक्याच बोललंय, आणि नित्यान माका उचलूनच घेतल्यान. 'आये, आता दर्यात मशीन बंद पडूचा नाय.' तेच्या मागना ह्या चेडू रडाक लागला. मगे मी खंयच्या तोंडान सांगू?"

मला फार वाईट वाटलं, आणि त्या दोन्ही पोरांचा संतापही आला. दोघांचं भलं झालं म्हणून मी गावभर मिरवत होते, आणि देवानं जिला होय म्हटलं होतं ती अजून बर्फात हात घालून बसली होती. मी म्हटलं, "वयनी, मी आत्ता दोघांना फोन करते."

"करशीत तर बघ," ती म्हणाली. "भिशी परत लावलंय मी. पुढच्या म्हयन्यात लागतली."

"मग पुन्हा देवाला विचारणार?"

"विचारतलंय तर!" ती उठली, पाटी काखेत मारली. "ह्या टायमाक गुरवाक सांगतलंय, शिवणाचा म्हणान नाव घेवन मोठ्यान विचार. आणि घराकडे काय एक बोलूचंय नाय. मशीन दारात उतरवतलंय आणि मगेच तोंड उघडतलंय."